फर्मवेअर अपडेट, काळा पडदा आणि अडतीस दिवस

सोमवार, ४ ऑगस्ट २०२५ रोजी संध्याकाळी सव्वासातला मी लॅपटॉपवरचे काम आवरून चहा टाकायला उठले आणि उठता उठता 'अपडेट अँड रिस्टार्ट' या पर्यायावर टिचकी मारली. गेली कित्येक वर्षे महिन्यातून एकदा तरी मी हेच करत आले आहे, त्यामुळे त्यात विचार करण्यासारखे काही आहे असे वाटलेच नाही. चहा घेऊन परतले तेव्हा नेहमीच्या फिरत्या ठिपक्यांऐवजी काळ्या पडद्यावर लॅपटॉपच्या कंपनीचे बोधचिन्ह, त्याखाली एक पांढरी पट्टी आणि 'फर्मवेअर अद्ययावत होत आहे, यंत्र बंद करू नका' अशा अर्थाची इंग्रजी ओळ होती. फर्मवेअर म्हणजे बटण दाबताच विंडोजच्याही आधी चालणारी, यंत्रातल्या एका चिपेत साठवलेली मूळ आज्ञावली. पट्टी साधारण निम्म्यावर आलेली होती. बशी आणायला आत गेले आणि परत येईपर्यंत पडदा पूर्ण काळा झालेला होता. त्या लॅपटॉपमधले माझे काम मला पुन्हा दिसले ते ११ सप्टेंबरला.

मी इंदूरला लोकमान्यनगरात राहते आणि घरूनच मराठी अक्षरजुळणीची कामे करते. स्मरणिका, लग्नपत्रिका, संस्थांचे वार्षिक अहवाल असे त्या कामाचे स्वरूप आहे. संगणकाचे शिक्षण मी घेतलेले नाही. कामापुरते येते, एवढेच. त्या दिवशी लॅपटॉपमध्ये आमच्या भागातील गणेशोत्सव मंडळाच्या स्मरणिकेची बहात्तर पाने होती आणि २७ ऑगस्टला, चतुर्थीच्या दिवशी, ती छापून मंडपात हवी होती. त्यांची दुसरी प्रत कुठेही नव्हती. हा दोष माझा आहे, हे आधीच सांगून टाकते.

त्या संध्याकाळी एक गोष्ट माझ्याकडून नकळत बरोबर झाली, ती म्हणजे घाबरून मी कशालाच हात लावला नाही. चार्जर लावलेला होता, पंखा फिरत होता, बटणाजवळचा पांढरा दिवाही लागलेला होता. मात्र कॅप्स लॉक कितीही वेळा दाबले तरी त्याचा दिवा लागत नव्हता. हे लक्षण लक्षात ठेवण्यासारखे आहे. पडदा काळा असूनही तो दिवा लागत-विझत असेल, तर यंत्र आत जागे आहे आणि दोष बहुधा पडद्यात किंवा त्याच्या जोडणीत आहे. दिवा अजिबात लागत नसेल, तर गाडी विंडोजपर्यंत पोहोचण्याआधीच अडली आहे असे धरून चालावे. नवीन फर्मवेअर बसल्यावर यंत्र आपली मेमरी नव्याने जोखते, त्यात काही मिनिटे पडदा काळा राहतो आणि यंत्र एक-दोनदा आपोआप बंद होऊन चालूही होते, त्यामुळे घाईने बटण दाबणाऱ्यांचा चांगला चाललेला लॅपटॉपही अर्ध्यावर अडकू शकतो. मी नऊ वाजेपर्यंत थांबले. पावणेदोन तास म्हणजे मात्र 'काही मिनिटे' नव्हेत.

मग शेजारच्या इंजिनिअरिंगच्या मुलाला बोलावले. त्याने चार्जर काढून बटण तीस सेकंद दाबून धरले, टीव्हीला एचडीएमआयची केबल जोडून पाहिली, माउस आणि पेन ड्राइव्ह काढून टाकले. काही झाले नाही. मग त्याने स्वतःच्या संगणकावरून कंपनीच्या संकेतस्थळावरची, माझ्या मॉडेलची फर्मवेअरची फाइल उतरवली, पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट करून त्यावर ती फाइल ठेवली आणि ठरावीक कळा दाबून धरत यंत्र चालू केले. बऱ्याच लॅपटॉपांत अशी आपत्कालीन सोय असते. काहींवर विंडोज आणि बी या कळा, काहींवर कंट्रोल आणि एस्केप, असे कंपनीगणिक बदलते, आणि नेमक्या कळा कंपनीच्याच मदतपानावर पाहाव्यात. ही सोय चालली असती तर हे सगळे त्याच रात्री दहा वाजता, एक रुपयाही खर्च न होता संपले असते. आमच्या पेन ड्राइव्हचा दिवा एकदा लुकलुकला आणि विझला. नंतर कळले की ही आपत्कालीन सोय फर्मवेअरच्याच एका छोट्या भागात राहते आणि तोच भाग कोरा झाला असेल तर पेन ड्राइव्ह वाचणारे कोणी आत उरलेलेच नसते.

मंगळवारी सकाळी कंपनीच्या मदतक्रमांकावर फोन केला. लॅपटॉपच्या तळाशी चिकटवलेला अनुक्रमांक हाताशी ठेवूनच फोन करावा, कारण तो दिल्याशिवाय संभाषण पुढे सरकत नाही. माझा लॅपटॉप जून २०२२ चा, हमी जून २०२५ मध्ये संपलेली. म्हणजे दोन महिन्यांनी हुकली. अपडेट तुमच्याच यंत्रणेतून आले आणि त्यातच लॅपटॉप बंद पडला, हे माझे म्हणणे समोरच्या मुलीने शांतपणे ऐकून घेतले, एक तक्रार क्रमांक दिला आणि अधिकृत सेवाकेंद्राचा पत्ता सांगितला. तिथे दुपारी गेले. जॉब शीट भरून झाली, तपासणीचे पाचशे रुपये आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी असे ५९० रुपये आगाऊ भरले, मोबाइलवर आलेला ओटीपी सांगितला. जॉब शीटच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत 'आतील माहितीची जबाबदारी आमची नाही' असे वाक्य होते आणि त्याखाली सही करायची होती. मी सही केली, पण पुढच्या बाजूस 'माहिती पुसू नये, डिस्क फॉरमॅट करू नये' असे स्वतःच्या हाताने लिहून त्यावर त्यांचा शिक्का घेतला. काउंटरवरच्या मुलाला ते नवीन होते, पण त्याने आढेवेढे घेतले नाहीत. असे अवश्य लिहावे.

शुक्रवारी, ८ ऑगस्टला ईमेलवर एस्टिमेट आले: मदरबोर्ड (सगळे भाग जोडणारा मुख्य बोर्ड) निकामी, नवीन मदरबोर्ड ३१,८०० रुपये, सुटा भाग यायला दहा ते बारा कामाचे दिवस. मी फोन करून विचारले की बिघाड जर फर्मवेअर लिहिताना झाला असेल, तर फक्त फर्मवेअर पुन्हा लिहून चालणार नाही का. उत्तर आले की आमच्याकडे चिप लेव्हलचे काम होत नाही, आम्ही बोर्डच बदलतो. ते खोटे बोलत होते असे मी म्हणणार नाही. त्यांच्या कामाच्या पद्धतीत 'निकामी' आणि 'इथे दुरुस्त होत नाही' यांच्यासाठी एकच रकाना असावा. शनिवारी राखी आणि मग रविवार, म्हणून लॅपटॉप सोमवारी ११ तारखेला परत आणला. दुरुस्ती नाकारली तरी ५९० रुपये परत मिळत नाहीत, हेही तेव्हाच समजले.

मंगळवारी, १२ ऑगस्टला, आर.एन.टी. मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये गेले. इंदुरात संगणकाचे काही बिघडले की पाय तिकडेच वळतात. पहिल्या दुकानात 'नवीन घ्या' हे ऐकले, दुसऱ्यात 'सहा हजार द्या, ठेवून जा' हे ऐकले. तिसऱ्या दुकानात मी लॅपटॉपचा विषय बाजूला ठेवून एवढेच विचारले की यातली स्मरणिका तेवढी काढून देता येईल का. दुकानदाराने तळाचे झाकण उघडले, एक बारीक स्क्रू फिरवून च्युइंगमच्या पट्टीएवढी एसएसडी, म्हणजे सगळ्या फायली जिच्यात राहतात ती डिस्क, बाहेर काढली, एका डबीत बसवली आणि स्वतःच्या संगणकाला जोडली. पडद्यावर डिस्कचे चित्र उमटले, पण त्यावर पिवळे कुलूप होते, आणि चित्रावर टिचकी मारताच अठ्ठेचाळीस अंकी रिकव्हरी की मागणारी चौकट उघडली.

मी आयुष्यात कधी कुलूप लावले नव्हते. दुकानदाराने समजावून सांगितले ते असे. विंडोज ११ असलेल्या लॅपटॉपवर पहिल्यांदा मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला की बहुतेक वेळा डिस्कवरचा सगळा मजकूर आपोआप कूटबद्ध होतो. लॅपटॉप चोरीला गेला तर चोराला आतले काही वाचता येऊ नये हा त्यामागचा हेतू. रोजच्या वापरात किल्ली लॅपटॉपमधलाच टीपीएम नावाचा भाग मुकाट्याने पुरवतो, म्हणून आपल्याला पत्ताही लागत नाही. डिस्क दुसऱ्या यंत्राला जोडली, मदरबोर्ड बदलला किंवा फर्मवेअर बाहेरून नव्याने भरले, की तो भाग गप्प बसतो आणि मग अठ्ठेचाळीस अंक आपणच द्यावे लागतात. म्हणजे मी सेवाकेंद्राचे ३१,८०० रुपये भरले असते, तरी शेवटी याच चौकटीसमोर येऊन उभी राहिले असते. त्या आठवड्यात मला कोणीही, कुठल्याही काउंटरवर, हा एक प्रश्न विचारला नव्हता: तुमची रिकव्हरी की कुठे आहे?

चौकटीत 'की आयडी' म्हणून आठ अक्षरांची एक खूण दिसते. तिचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला, कारण एका खात्यात दोन-तीन किल्ल्या साठलेल्या असू शकतात आणि आपली कोणती हे त्या खुणेवरूनच कळते. दुकानदाराने या सगळ्याचे तीनशे रुपये घेतले आणि वरच्या मजल्यावरच्या, चिपचे काम करणाऱ्या एका कारागिराकडे चिठ्ठी देऊन पाठवले.

त्याच संध्याकाळी घरी येऊन मायक्रोसॉफ्ट खात्यात शिरायचा प्रयत्न केला. पासवर्ड डायरीत पेन्सिलीने लिहिलेला होता आणि तो बरोबर निघाला. पण किल्ल्यांचे पान उघडण्यापूर्वी खात्री करण्यासाठी एक कोड मोबाइलवर पाठवला जातो, आणि खात्याशी जोडलेला मोबाइल क्रमांक माझ्या जुन्या सिमचा होता. ते सिम रिचार्ज न केल्यामुळे २०२३ मध्येच बंद झाले होते. लॅपटॉप घेताना दुकानातल्या मुलाने 'मॅडम, नंबर बोला' म्हटले, मी बोलले, आणि त्या एका क्षणाचा मला तीन वर्षांत पुन्हा विचार पडला नव्हता. पर्यायी ईमेल दिलेलाच नव्हता. अशा वेळी 'यांपैकी काहीही माझ्याकडे आता नाही' असा पर्याय निवडून नवीन क्रमांक देता येतो, पण तो लागू व्हायला तीस दिवस थांबावे लागते. नियम रास्त आहे. कोणाच्या हाती पासवर्ड पडला तर मूळ मालकाला सावध व्हायला तेवढा अवधी मिळतो. पण मी स्वतःच ती मूळ मालक होते, आणि बारा ऑगस्टपासूनचे तीस दिवस म्हणजे अकरा सप्टेंबर; अनंत चतुर्दशी सहा सप्टेंबरला होती. नवीन क्रमांक भरला, शिवाय एक ईमेलही दिला, आणि विनंती नोंदवली गेल्याचा संदेश पाहून बराच वेळ नुसती बसून राहिले.

बुधवारी लॅपटॉप त्या कारागिराकडे नेला. पन्नाशीचे गृहस्थ, डोळ्यांवर भिंग लावलेले, टेबलावर ओंजळभर जागा सोडून बाकी सगळे बोर्डच बोर्ड. त्यांनी काम माझ्यासमोर करायचे कबूल केले म्हणून मी तिथेच स्टुलावर बसले, आणि या सगळ्या प्रकरणात मला खरोखर काही समजले असेल तर ते त्या दोन तासांत. आधी त्यांनी लॅपटॉपची मोठी बॅटरी सोडवली, मग काळ्या वेष्टनातली सीआर२०३२ ही नाण्यासारखी बॅटरीही काढली, कारण बोर्डात वीज असताना चिप वाचायला गेले तर वाचन चुकते आणि कधी चिपही जाते. फर्मवेअरची चिप म्हणजे दोन बाजूंना चार-चार पाय असलेला तांदळाच्या दोन-तीन दाण्यांएवढा काळा चौकोन. भिंगातून तिच्यावरचा क्रमांक वाचून त्यांनी ती ३.३ व्होल्टची की १.८ व्होल्टची हे आधी पक्के केले. दोन्ही दिसायला सारख्याच असतात आणि १.८ च्या चिपेला जास्तीचा दाब दिला तर ती कायमची जाऊ शकते. चिमट्यासारखी क्लिप तिच्यावर बसवली, पण वाचन दर वेळी वेगळे येऊ लागले, म्हणून शेवटी गरम हवेने चिप उचलून सुटी केली, प्रोग्रामर नावाच्या, चिप वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या छोट्या उपकरणात बसवली आणि तिच्यातला सोळा एमबीचा मजकूर दोनदा वाचून दोन्ही फायली तंतोतंत सारख्या आहेत की नाहीत हे पडताळले.

मग त्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. अंक आणि अक्षरांच्या जोड्यांच्या ओळी वर सरकत होत्या, सगळ्या निरनिराळ्या, आणि एका ठिकाणी अचानक नुसते एफएफ, एफएफ, एफएफ. पान उलटत राहावे आणि पुढची सगळी पाने कोरी निघावीत तसे. या चिपेत लिहिण्याआधी जुना मजकूर ठोकळ्या-ठोकळ्याने पुसावा लागतो, आणि पुसलेली जागा एफएफ अशी दिसते. त्यात नवीन मजकूर भरला जाण्यापूर्वीच काम थांबले होते. "दीदी, बोर्ड मरा नहीं है, बस आधा लिखा हुआ है," असे ते म्हणाले. माझे अर्धे आयुष्य अर्धवट लिहिलेली हस्तलिखिते पुरी करून घेण्यात गेले आहे, त्यामुळे एकतीस हजारांच्या एस्टिमेटपेक्षा मला हे निदान चटकन पटले.

काम करता करता त्यांनी सांगितले की हा उद्योग ते नव्वदच्या दशकापासून करत आहेत. २६ एप्रिल १९९९ रोजी सीआयएच नावाच्या विषाणूने जगभरातील अनेक संगणकांच्या बायोसची, म्हणजे त्या काळच्या फर्मवेअरची, चिपच खराब केली होती, तेव्हा त्यांच्या उमेदवारीचे दिवस होते. त्या काळी बऱ्याच बोर्डांवर चिप खोबणीत बसवलेली असे, ती बोटांनी काढून दुसरी लावता येई. आता ती झाळलेली असते, म्हणून लोकांना सगळा बोर्डच मेला असे वाटते.

पुढचे काम मात्र फक्त 'नवीन फाइल भरली' एवढ्यावर संपत नाही, आणि कारागीर निवडताना विचारावी अशी गोष्ट हीच आहे. याच चिपेत लॅपटॉपचा अनुक्रमांक आणि विंडोजच्या परवान्याचा क्रमांकही नोंदलेला असतो. इंटरनेटवर कुठेतरी सापडलेली दुसऱ्याच यंत्राची फाइल भरली, तर लॅपटॉप चालू होतो, पण तो स्वतःचे नाव विसरलेला असतो. मग विंडोज परवाना मागते आणि पुढे सेवाकेंद्र त्याला ओळखत नाही. म्हणून आधी जुना मजकूर, तो अर्धवट का असेना, जपून ठेवायचा, कंपनीच्या अधिकृत फाइलमधला कोड घ्यायचा आणि जुन्यातल्या या नोंदी त्यात नेमक्या जागी बसवायच्या. हे जुळवणीचे काम त्यांनी घरी नेले. पंधरा ऑगस्टची सुट्टी, सोळाला जन्माष्टमी, सतराला रविवार, त्यामुळे सोमवारी १८ तारखेला फोन आला.

मी गेले तेव्हा त्यांनी मुद्दाम माझ्यासमोर पहिल्यांदा बटण दाबले. पडदा काळाच राहिला. एक मिनिट, दोन मिनिटे. मध्ये पंखा थांबला आणि पुन्हा सुरू झाला. त्यांनी हात मागे घेऊन घड्याळाकडे बघत राहायला सांगितले. तिसऱ्या मिनिटाला बोधचिन्ह उमटले आणि त्यामागोमाग, अपेक्षेप्रमाणे, निळ्या पडद्यावर अठ्ठेचाळीस अंकांची मागणी. माझ्या लॅपटॉपात टीपीएम ही वेगळी चिप नाही, तिची गुपिते फर्मवेअरच्याच एका भागात राहतात आणि तो भाग नव्याने कोरा भरावा लागला होता, त्यामुळे आतून किल्ली मिळण्याची आशा संपली होती. दुरुस्तीचे १,८०० रुपये झाले. जुन्या आणि नव्या मजकुराच्या दोन्ही फायली त्यांनी न मागता माझ्या पेन ड्राइव्हवर घालून दिल्या.

'विंडोज नव्याने टाकून देऊ का, पाच मिनिटांत लॅपटॉप चालू होईल,' असे शेजारच्या टेबलावरच्या मुलाने सुचवले. ही सूचना जिथे तिथे मिळते आणि ती ऐकताना फार मोह होतो, पण त्याच डिस्कवर नवीन विंडोज टाकणे म्हणजे कुलूपबंद मजकूर कायमचा पुसणे. कारागिरांनी वेगळा मार्ग सांगितला. ५०० जीबीची नवीन एसएसडी ३,१०० रुपयांना घेतली, तिच्यावर विंडोज टाकली आणि जुनी एसएसडी पाकिटात घालून त्यावर तारीख व की आयडी लिहून घरी आणली. नवीन विंडोजने परवाना मागितला नाही. जपून ठेवलेल्या नोंदीचा उपयोग तिथे कळला. किल्लीसाठी वाट पाहत असलेल्या कोणालाही मी हाच मार्ग सुचवीन, कारण यंत्र लगेच कामाला लागते आणि जुना मजकूर आहे तसा सुरक्षित राहतो.

आता स्मरणिका. छापखान्याकडे मी जुलैअखेर पाठवलेली प्रूफाची पीडीएफ होती, पण ती जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधली. तिच्यातून मजकूर उचलला की कंस, उद्गारचिन्हे आणि रोमन अक्षरांची खिचडी हाती येते. बहात्तर पाने पाहून पाहून पुन्हा टंकायची, हा एकच उपाय होता. मंडळाच्या चिटणीसांना खरी गोष्ट सांगितली. ते रागावले नाहीत, पण "काकू, जाहिराती घेतल्यात हो लोकांच्या," एवढे मात्र म्हणाले, आणि ते वाक्य मला रागापेक्षा जास्त लागले. मंडळातल्या दोन मुली रोज संध्याकाळी येऊन मजकूर वाचून दाखवत, मी टंकत असे. चतुर्थीला अंक निघाला नाही. पाचव्या दिवशी निघाला.

याच दिवसांत राष्ट्रीय ग्राहक मदतक्रमांक १९१५ वर तक्रारही नोंदवली. बोर्ड बदलून द्या असे मी मागितले नाही. चुकीचे निदान करून घेतलेली फी परत मिळावी, एवढेच मागितले. एस्टिमेट, जॉब शीट, कारागिराची पावती आणि पहिल्या फोनचा तक्रार क्रमांक, असे सगळे कागद जोडले होते. नऊ दिवसांनी कंपनीतून फोन आला आणि ५९० रुपये खात्यात परत जमा झाले. हमी संपली म्हणून तक्रारच करता येत नाही असे नाही, पण कागद हवेत आणि मागणी नेमकी हवी.

गुरुवारी, ११ सप्टेंबरला सकाळी नवीन क्रमांक लागू झाल्याचा ईमेल आला. पितृपक्ष चालू होता आणि सासूबाईंनी नवीन काम आज नको म्हणून बजावले होते. हे जुनेच काम आहे, असे मी त्यांना सांगितले. किल्ल्यांच्या पानावर दोन नोंदी होत्या, आणि पाकिटावरची आठ अक्षरे खालच्या नोंदीशी जुळली. शेजारच्या मुलाची डबी आणून जुनी एसएसडी जोडली. सहा-सहा अंकांचे आठ गट. यजमानांनी मोठ्याने वाचले, मी टंकले. 'किल्ली चुकीची आहे' असे उत्तर आले. दुसऱ्या वेळी मी वाचले आणि त्यांनी एका बोटाने टंकले. पिवळे कुलूप उघडे झाले आणि ऑगस्टमधले सगळे फोल्डर जसेच्या तसे समोर आले. आधी सगळे बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घेतले. मूळ एसएसडी लॅपटॉपात परत बसवण्याची घाई केली नाही.

ती शनिवारी, १३ तारखेला कारागिरांकडून बसवून घेतली. निळ्या पडद्यावर किल्ली दिली, विंडोज उघडली, पण नेहमीचा चार अंकी पिन तिने नाकारला, कारण तोही टीपीएमच्या भरवशावर असतो. खात्याचा पासवर्ड देऊन नवीन पिन करावा लागला. रविवारी लॅपटॉप चालू करताच त्याने पुन्हा अठ्ठेचाळीस अंक मागितले तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. कारागिरांना फोन केला तेव्हा कळले की डिस्कचे संरक्षण एकदा तात्पुरते थांबवून पुन्हा चालू केले, म्हणजे नव्या टीपीएममध्ये किल्ली नव्याने ठेवली जाते. तसे केले आणि तेव्हापासून मागणी आलेली नाही. हेच 'तात्पुरते थांबवणे' फर्मवेअर बदलण्याआधी करून ठेवावे, असेही त्यांनी सांगितले. शिवाय फर्मवेअरचे अपडेट आता मी इतर अपडेटांच्या गठ्ठ्यात जाऊ देत नाही; काय दुरुस्त होणार आहे ते वाचते, माझ्या उपयोगाचे असेल तरच, दिवसा आणि हाती काम नसताना करते.

त्याच फोनवर त्यांनी सहज सांगितले की रिकव्हरी कीच्या प्रत्येक सहा अंकी गटाला अकराने निःशेष भाग जातो, त्यामुळे चूक कोणत्या गटात आहे हे शोधता येते. यजमान शाळेत गणित शिकवत असत; त्यांना हे कळल्यावर मी ज्या दोन कागदांवर किल्ली हाताने उतरवून ठेवली होती, एक कपाटातल्या विम्याच्या फाइलसाठी आणि एक देवासला बहिणीकडे ठेवण्यासाठी, ते दोन्ही त्यांनी मागून घेतले. पहिला कागद बरोबर होता. देवासच्या कागदावर सहाव्या गटाला भाग जाईना. मी सातच्या जागी एक लिहिला होता.